दोन हात पुढे, एक हात मागे

"जिसके पेट में आज तक कोई गया नहीं, उसका मॉडल बनाइएगा आप?" बडी दीदी म्हणाल्या.

त्यावर माधवी मॅडम म्हणाल्या, "दीदी, पेट में तो किसी के कोई नहीं जाता. बाहर से देखकर ही समझना पड़ता है."

हे भांडण सिंधू पागनीसनं कपाटाआड उभं राहून ऐकलं, हातात चहाचे दोन कप धरून. नोकरीला लागून तिला सहा दिवस झाले होते. भांडण चालू असताना चहा न्यायचा की संपल्यावर, हे काही तिला कुणी शिकवलं नव्हतं. तेव्हा ती आपली उभी राहिली, आणि चहावर साय धरेपर्यंत दोघींचं ऐकत राहिली.

बडी दीदी म्हणजे झाशीच्या दतिया गेटाजवळच्या मुलींच्या इंटर कॉलेजच्या मुख्याध्यापिका. इंटर कॉलेज म्हणजे बारावीपर्यंतची शाळाच, पण शाळेला कॉलेज म्हटलं की इकडे सगळ्यांना बरं वाटतं. विज्ञानाचं प्रदर्शन भरायचं होतं. बडी दीदींना हवं होतं आदर्श गाव: पुठ्ठ्याची घरं, कापसाच्या गाई, मध्ये विहीर. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माधवी मॅडमना करायचं होतं गुरू ग्रहाचं पोट. शेवटी बडी दीदींनी निकाल दिला, "बनाइए. पर कमरा नहीं मिलेगा. बरामदे में रखिए." मग सिंधूनं चहा नेला. तो गार झाला म्हणून दोघींनीही तिलाच बोल लावला. दोघींचं एकमत झालेलं त्या दिवशी तेवढंच.

सिंधूचं माहेर गुरसरायचं, सासर झाशीचं. दोन्ही घरं जुनी मराठी, पूर्वजांच्या तलवारींबरोबर इकडे आलेली. पागनीस म्हणजे एके काळी घोड्यांच्या पागेवर नजर ठेवणारे. घोडे गेले, पागा गेली, आडनाव तेवढं राहिलं. आडनावाला चारा लागत नाही ना. नवरा याच कॉलेजात बाबू होता. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत गेला. सरकारनं त्याच्या जागी बायकोला नोकरी दिली. आठवी पास, तेव्हा बाबूची खुर्ची नाही, प्रयोगशाळेतली परिचर. कपाट उघडायचं, काच पुसायची, मागतील ते हातात द्यायचं, उरलं ते जागच्या जागी ठेवायचं. सिंधूला वाटलं, हे तर स्वयंपाकघरच की. फक्त इथे शिजत काही नाही.

भांडणाच्या दुसऱ्याच दिवशी व्हरांड्यात तिला एक गोल काचेचं भांडं दिसलं, लोक मासे पाळतात तसं. आत राखाडी, चंदेरी, गढूळ पाणी. पाणी साचलं की डास होतात, हे सांगायला विज्ञान कशाला हवं? तिनं ते पाणी नाल्यात ओतलं आणि राख घेऊन भांडं घासायला बसली.

"मेलं केवढं चिकटलंय," ती पुटपुटली.

मागून मराठीत आवाज आला, "सिंधूताई, काय चाललंय?"

ती दचकली. कॉलेजात मराठी बोलणारं कुणी असेल हे तिच्या गावीही नव्हतं. माधवी मॅडम साताऱ्याकडच्या. यजमान फौजेत, बबीन्याला. रोज बसनं यायच्या.

"भांडं घासतेय, मॅडम. कुणी तरी घाण पाणी भरून ठेवलं होतं."

"ते माझ्या गुरू ग्रहाचं पोट होतं," मॅडम म्हणाल्या.

दुसरी कुणी असती तर सिंधूची सातव्या दिवशीच गच्छंती झाली असती. मॅडम पायरीवर बसल्या आणि हसल्या. मग त्यांनी सांगितलं की गुरूसारखे जे मोठे ग्रह आहेत त्यांना आपल्यासारखी जमीनच नाही. वर वायू, खाली तोच दाट, आणखी खाली इतका दाबलेला की वितळलेल्या धातूसारखा वाहतो. तो वाहतो, फिरतो, त्यातून वीज खेळते, आणि त्यामुळे सगळा ग्रहच एक मोठं चुंबक होतो.

"जमीन नाही, तर उभं कशावर राहायचं?" सिंधूनं विचारलं.

"उभं राहायचंच नाही. तिथे सगळं फिरतच असतं."

सिंधूला हे पटलं. नवरा गेल्यापासून तिचंही तसंच चाललं होतं.

आता पाणी ओतलं तर होतं. मॅडमची रंगाच्या दुकानातून आणलेली चंदेरी पूड त्याच्याबरोबर नाल्यात गेलेली. सिंधूनं दुसऱ्या दिवशी घरून अभ्रक आणलं, रंगपंचमीच्या रंगात मिसळतात ते. पाण्यात घातलं, साबणाचा एक थेंब टाकला, आणि भांडं फिरवल्याबरोबर मॅडम खाली वाकून बघायला लागल्या. अभ्रकाचा कण पानासारखा चपटा. पाणी जिकडे वाहील तिकडे तो अंग वळवतो. कुठे चमकतो, कुठे काळवंडतो. जी धार एरवी डोळ्यांना दिसत नाही, ती रेशमासारखी दिसायला लागते. सुताराकडून लाकडी चकती केली, तिच्याखाली स्कूटरचं बेअरिंग बसवलं, वर भांडं, आणि भांड्याच्या तोंडावर झाकण घट्ट चिकटवलं. प्रदर्शनात आदर्श गावाला पहिलं बक्षीस मिळालं. गुरूच्या पोटाला शाबासकीचा कागदसुद्धा नाही. पण बडी दीदी दोनदा येऊन बघून गेल्या, कुणी नाही असं बघून.

पुढच्या वर्षी मॅडमच्या यजमानांची बदली झाली. जाताना त्यांनी चकतीवर कागद चिकटवला, त्यावर आपलं नाव आणि ग्रहाचं नाव. म्हणाल्या, "सिंधूताई, एवढं करा. आठवड्यातून एकदा फिरवत जा. नाही तर अभ्रक तळाला बसेल आणि घट्ट होईल. मग ते नुसतं पाणी."

झालं. तेव्हापासून शनिवार ठरून गेला. शेवटची घंटा झाली की सिंधू आधी चुंबकं निजवायची. पट्टीची चुंबकं एकटी ठेवली की त्यांची ताकद उतरते. दोन-दोन उलट्या तोंडांनी शेजारी ठेवून दोन्ही टोकांना लोखंडाची पट्टी लावावी लागते. माणसांना जमत नाही ते चुंबकांना जमतं, असं ती मनात म्हणायची. मग भांडं. अकरा वेळा. अकराच का, ते तिलाही माहीत नव्हतं.

भांडं ती फिरवायची मात्र चुकीचं. तशी पहिल्यापासूनच. मॅडमनी दाखवलं होतं एकाच बाजूला, गरगर. पण गुरसरायला तिच्या माहेरी चार म्हशी होत्या, आणि सात वर्षांची असल्यापासून ती रवीची दोरी ओढत होती. ताक घुसळताना हात पुढे गेला की मागे यायलाच हवा. एकाच बाजूला ओढत बसलं तर दोरी हातात येते आणि लोणी डेऱ्यातच राहतं. त्या हाताला "एकाच बाजूला" सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पुढे मनगट दुखायला लागलं तेव्हा तिनं चकतीला माहेरची रवीची जुनी दोरीच गुंडाळली. मग काय विचारता. दोन हात पुढे, एक हात मागे. दोन हात पुढे, एक हात मागे. भांडं फिरायचं तर खरं, पण अडखळत, खेचल्यासारखं. आतले रेशमाचे पडदे उभे राहायचे आणि डोलायचे.

मॅडमच्या जागी वसुंधरा दीदी आल्या. त्या कडक. प्रयोगाच्या वहीत रेघ वाकडी आली तरी पान फाडायच्या. वीस वर्षं त्या एकच वाक्य म्हणत आल्या, "एक ही दिशा में, सिंधू जी. ग्रह पीछे नहीं घूमता."

"जी, दीदी," सिंधू म्हणायची, आणि पाठ फिरली की पुन्हा दोन पुढे, एक मागे.

घरी मुलगा केयूर. मराठी सगळं समजतं, बोलत मात्र नाही. रेल्वेच्या कारखान्यात लागला तेव्हा एकदा आईला न्यायला कॉलेजात आला आणि दारात उभा राहून बघत होता.

"आई, इसमें से मक्खन निकलेगा क्या?"

"निघालं तर तुला नाही देणार," सिंधू म्हणाली.

मुलींना मात्र ते भांडं फार आवडायचं. त्यातली एक दीप्ती, चिरगावची. तिची बस नेहमी चुकायची, किंवा ती चुकवायची. शनिवारी ती प्रयोगशाळेत स्टुलावर बसून बघत राहायची.

"मौसी, बाहर वाला पानी पहले क्यों मुड़ता है? अंदर वाला बाद में क्यों?"

"अंदर वाले को खबर देर से लगती है, बिटिया. सब घरों में यही है," सिंधू म्हणाली. दीप्तीनं ते वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. सिंधूला वाटलं, हिला भरपूर अभ्यास नसावा.

अठ्ठावीस वर्षं गेली. बडी दीदी कधीच निवृत्त झाल्या. वसुंधरा दीदी मुख्याध्यापिका झाल्या. सिंधूच्या निवृत्तीची तारीख तीस नोव्हेंबर ठरलेली, आणि त्याच महिन्यात प्रयोगशाळेच्या अर्ध्या खोलीत स्मार्ट क्लास यायचा ठरला. भिंतीएवढा पडदा, त्यावर बोट ठेवलं की ग्रह फिरतो, एकाच दिशेनं. जुनं सामान भंगारात काढायची यादी झाली. यादीवर सही सिंधूची, कारण सामान तिच्या ताब्यात. एक्केचाळीस नंबरला लिहिलं होतं: "मछलीपात्र (बिना मछली), एक नग, निष्प्रयोज्य."

तिनं ते तीनदा वाचलं. मासे कधी नव्हतेच, तर ते नसल्याचा दोष भांड्याला कसा?

ती वसुंधरा दीदींकडे गेली. सबंध नोकरीत तिनं कुणाकडे काही मागितलं नव्हतं. "दीदी, ये इकतालीस नंबर छोड़ दीजिए."

"आपको चाहिए, सिंधू जी? पर सरकारी सामान घर नहीं जा सकता."

"घर नहीं, दीदी. यहीं रहे."

"यहाँ जगह नहीं है. और घर जा नहीं सकता. कबाड़ी ले जा सकता है." दीदी नियमाला धरून बोलल्या, आणि नियमात खरंच तसंच होतं.

केयूर म्हणाला, "आई, टेंशन मत लो. कबाड़ी से मैं ले आऊँगा."

"आणि ठेवू कुठे? तुझ्या टीव्हीसमोर?" सिंधू म्हणाली. "घरी आणून मी कुणाला दाखवू? बघायला मुली लागतात रे." तिला भांडं नको होतं. ते तिथे फिरत राहायला हवं होतं. त्यात काही फरक आहे हे केयूरला कळेना, आणि तिलाही नीट सांगता येईना.

भांडं इतर सामानाबरोबर व्हरांड्यात आलं, गळ्यात एक्केचाळीस नंबरची चिठ्ठी बांधून. जिथून सुरुवात झाली तिथेच.

दिवाळीला दीप्ती चिरगावला आली होती. आता पुण्याला ती मोठ्या ग्रहांच्या पोटाचाच अभ्यास करत होती. कॉलेजची मुलगी एवढी मोठी झाली म्हटल्यावर वसुंधरा दीदींनी भाषण ठेवलं. पाहुणी आली ती व्हरांड्यातून, आणि भंगारापाशी थांबली. बराच वेळ थांबली. मग भांडं स्वतः उचलून मंचावर नेलं, चकतीसकट, दोरीसकट. वसुंधरा दीदींचा चेहरा असा झाला, जसं पाहुणीनं उष्टं ताट हॉलमध्ये आणलं.

सिंधू मागे पाण्याचे ग्लास घेऊन उभी होती. दीप्ती मुलींना हिंदीत सांगत होती, आणि सिंधूला ते सगळं समजत होतं, याचं तिलाच नवल वाटलं. दीप्ती म्हणाली, घरातले एकात एक मावणारे डबे आठवा. गुरूच्या पोटात तसंच आहे. वाहणारे उभे थर, एकात एक, सगळे एकाच अक्षाभोवती फिरणारे. दहा तासांत एक फेरी. पण सगळे थर सारख्या चालीनं जात नाहीत. एखादा किंचित पुढे सरतो, मग अडखळतो, मागे खेचला जातो. खेचतं कोण? चुंबकाच्या रेषा. त्या डब्यांमधून आरपार ओवलेल्या दोऱ्यांसारख्या असतात. एक डबा वळला की दोरा ताणतो, शेजारच्याला ओढतो, आणि त्याला स्वतःलाही मागे आणतो. ही ओढाओढ लाटेसारखी थराथरांतून जाते. एक हेलकावा पुरा व्हायला कित्येक वर्षं लागतात, असा अंदाज आहे. आत जाऊन कुणी पाहिलेलं नाही. पण बाहेरचे पट्टे काही वर्षांनी उजळतात, काही वर्षांनी मंदावतात; जवळून गेलेल्या यानाला चुंबकाच्या ताकदीत बारीक फरक सापडतो; त्यावरून आतलं ताडायचं.

"कई साल," सिंधू मनात म्हणाली. "एका ओढीला एवढी वर्षं. मग लोणी कधी निघायचं?"

"सिंधू मौसी," दीप्तीनं मंचावरून हाक मारली, "ज़रा घुमाइए ना. वैसे ही, जैसे शनिवार को घुमाती थीं."

चारशे मुली मागे वळल्या. सिंधूनं ग्लास खाली ठेवले, मंचावर गेली, पदर खोचला आणि दोरी हातात घेतली. इतक्या लोकांसमोर तिला एकाच दिशेनं फिरवायचं होतं, दीदींचा मान राखायचा होता. पण हाताला कुठे मान-अपमान? दोन पुढे, एक मागे. पडदे उभे राहिले आणि डोलायला लागले.

"देखा?" दीप्ती म्हणाली. "आगे, और फिर खिंचकर पीछे. जो बात हम आज कंप्यूटर पर महीनों लगाकर निकालते हैं, वो इस कॉलेज में अट्ठाईस साल से चल रही है. मैंने यहीं स्टूल पर बैठकर देखी. सोचिए, जिन मैडम ने यह मॉडल बनाया, उन्होंने कितना आगे का सोचा होगा." तिनं चकतीवरचा पिवळा पडलेला कागद वाचला, माधवी मॅडमचं नाव घेतलं. टाळ्या झाल्या. मग ती वळली, माइक सिंधूच्या तोंडाशी धरला. "मौसी, यह आगे-पीछे करना मैडम ने ही सिखाया था ना?"

पहिल्या रांगेत वसुंधरा दीदी बसल्या होत्या. मांडीवर यादी, यादीवर पेन, आणि पेन एक्केचाळीसवर थांबलेलं. सिंधूला एवढ्या लांबून नंबर दिसत नव्हता, पण पान ती ओळखत होती.

खरं सांगायचं तर दोन शब्दांचं काम. नाही, बिटिया, मी ताक घुसळते तशी फिरवते. मुली हसल्या असत्या, टाळ्या तिला मिळाल्या असत्या, आणि भांडं पुन्हा मासे नसलेलं भांडं झालं असतं, वर आणखी ताकाचं. मॅडमनी केलं तर विज्ञान. सिंधूनं केलं तर सवय. कॉलेजात अठ्ठावीस वर्षं काढली की एवढं तर कळतंच.

"हाँ," सिंधू माइकमध्ये म्हणाली. "मैडम सब जानती थीं."

लोक ताकाला जाऊन भांडं लपवतात. सिंधूनं भांडं वाचवायला ताक लपवलं.

वसुंधरा दीदींनी तिथल्या तिथे पेन चालवलं. एक्केचाळीस नंबर कापला गेला.

दुसऱ्या दिवशी भांडं दीदींच्या ऑफिसात गेलं, काचेच्या कपाटात, मधल्या फळीवर. खाली नवी पाटी, सोनेरी अक्षरांत "धरोहर", म्हणजे जपायचा वारसा. मॅडमचं नाव मोठं, दीदींचं त्याखाली, "संरक्षण" म्हणून. सिंधूचं नाव घालायचं कुणाच्या मनातही आलं नाही, आणि आलं असतं तर कशाखाली घालणार? सिंधूला त्याचं दुःख झालं नाही. घरी जाताना तिनं पेरू घेतले, दोन जास्तीचे.

दुःख झालं ते शनिवारी. चुंबकं निजवून ती ऑफिसात गेली. "दीदी, फिराना पड़ेगा. नहीं तो अबरक बैठ जाएगा."

"ना, ना, सिंधू जी. अब यह धरोहर है. हाथ मत लगाइए."

तिनं काचेतून पाहिलं. अभ्रक खाली उतरत होतं, आणि वरचं पाणी स्वच्छ, मुकं. भांडं भंगारातून सुटलं ते या कामासाठी, की कुणी त्याला हात लावू नये. पुढच्या शनिवारीही तेच. तळाला चंदेरी साय धरायला लागली. घरी ती केयूरला म्हणाली, "वाचवलं आणि मारलं."

"तो बोल दो ना सच," केयूर म्हणाला. "कि आप घुमाती थीं."

"आणि मग पुन्हा व्हरांडा," सिंधू म्हणाली. "राहू दे. तीस तारीख शनिवारच आहे."

तीस नोव्हेंबरला हॉलमध्ये निरोप झाला. शाल, नारळ, झेंडूचा हार, समोसे. वसुंधरा दीदी मनापासून बोलल्या. "सिंधू जी ने पूरी नौकरी में वही किया जो उनसे कहा गया." सिंधूनं हार सारखा केला आणि मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं, भरून आलं.

शेवटची घंटा झाली. लोक समोशांशी होते. सिंधूनं शाल घडी करून पिशवीत ठेवली, प्रयोगशाळेत आली, चुंबकं दोन-दोन करून निजवली, टोकांना पट्ट्या लावल्या. मग किल्ल्यांचा जुडगा घेऊन ऑफिसात गेली, कारण किल्ल्या तिथेच द्यायच्या होत्या. ऑफिस रिकामं होतं. काचेचं कपाट म्हणजे मूळचं प्रयोगशाळेतलंच कपाट, पाटी लावून इकडे आणलेलं. त्याची किल्ली तिच्याच जुडग्यात होती, पहिल्या दिवसापासून. दीदींनी पाटी बदलली, कुलूप बदलायचं राहिलं.

तिनं कपाट उघडलं. भांडं टेबलावर घेतलं, दोरी गुंडाळली. पहिल्या ओढीला तळातून ढेकळासारखं काही उचकटलं. दुसरीला धूर उठल्यासारखं झालं. चौथ्या-पाचव्या फेरीला पडदे उभे राहिले. दोन पुढे, एक मागे.

सातव्या फेरीला दारात वसुंधरा दीदी आल्या, हातात तिच्यासाठी समोशाची बशी. वीस वर्षांची सवय, तोंडातून निघालंच, "एक ही दिशा में, सिं..." आणि त्यांची नजर सोनेरी पाटीवर गेली. वाक्य तिथेच राहिलं. त्यांनी बशी हळूच टेबलाच्या कडेला ठेवली आणि उभ्या राहिल्या.

आठ. नऊ. सिंधूनं वर पाहिलं नाही. दहा.

"कितनी बार?" दीदींनी विचारलं.

"ग्यारह."

अकरावी झाली. तिनं दोरी सोडवून भांड्याशेजारी ठेवली, भांडं उचलून फळीवर ठेवलं, आत पाणी अजून फिरत होतं. कपाटाला कुलूप लावलं, पदरानं काचेवरचे बोटांचे ठसे पुसले. जुडगा टेबलावर ठेवला आणि त्यातली काचेच्या कपाटाची किल्ली बाजूला काढून दीदींकडे वळवली.

"ये शनिवार वाली है," ती म्हणाली, आणि समोसा डब्यात घालून घेतला.